दिवस राहत नाहीत, तपासणी फक्त माझीच का?

प्रश्न : मॅडम, माझं वय २७, लग्नाला चार वर्षं झाली, पाळी दर महिन्याला वेळेवर येते पण दिवस राहत नाहीत. आम्ही घाटंजी तालुक्यातले, कापसाची शेती आहे. एका दवाखान्यात मला डायरेक्ट दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. मिस्टरांची काहीच तपासणी नाही. सासूबाई म्हणतात, माह्या पोराले काय धाड भरली? काय करू?

उत्तर : ताई, पोटात दुखणं वगैरे काही नसेल तर ऑपरेशनची घाई नका करू. जवळपास अर्ध्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं, आणि त्यांची पहिली तपासणी सगळ्यात सोपी, भूल नाही, टाके नाहीत, वीर्य तपासायचं फक्त. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको. सॅम्पल तासाभरात लॅबमध्ये पोचावं लागते, म्हणून गावाहून डबी घेऊन एसटीत बसू नका, तिथंच जाऊन द्या. साधा कंडोम वापरून सॅम्पल आणतात लोक, ते चालत नाही.

रिपोर्टमध्ये एका मिलीला १ कोटी ६० लाखांच्या खाली काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, आला म्हणजे संपलं असं नाही बरं. ताप येऊन गेला असला तरी काउंट पडतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढ्यानं पुन्हा करा. तोवर खर्रा (तंबाखू-सुपारीचा) बंद, म्हणजे बंद, "दिवसातून एकच" हे मी रोज ऐकते बाप्पा! आणि पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगानं फवारणी नको, मास्क, हातमोजे पाहिजेच, औषधानं भिजलेला शर्ट लगेच बदलायचा.

तुमचं थायरॉइड, सोनोग्राफी सोबतच होऊन जाऊ द्या. मग ट्यूब टेस्ट, म्हणजे गर्भनळ्या उघड्या आहेत का ते पाहायची, ती पाळी थांबल्यावर, पण पाळी आल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहाव्या दिवसाच्या आत करतात. आपल्याकडे पोटातल्या टीबीनं नळ्या बंद झालेल्या बाया बऱ्याच येतात, घरात कोणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरला नक्की सांगा. त्यात काही निघालं तर दुर्बिणीचं बघू.

आणखी एक, सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या पट्ट्यात दोघांचीही तपासणी आधीच पाहिजे, कारण दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण बाळाला देऊ शकतात) निघाले तर प्रत्येक वेळी बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. सासूबाईंना हेच कारण सांगून मिस्टरांना सोबत न्या, वीर्य तपासणीचं तिथं गेल्यावर काढा.