अर्थशास्त्रात पीएचडी करायची आहे, पण गणित कच्चं आहे

प्रश्न: मी डोंबिवलीला राहते. मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्रात एमए केलं, सध्या बीकेसीतल्या एका कार्यालयात संशोधन सहायक आहे. दहावीनंतर आर्ट्स घेतलं आणि गणित सुटलं. एमएला लागलं तेवढं पाठ करून निभावलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या पीएचडीसाठी अर्ज करायचे आहेत, म्हणजे हाताशी १८ महिने आहेत. जीआरई या तिथल्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा क्लास लावू का?

उत्तर: आत्ता नको. जीआरईचं गणित म्हणजे अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचं वाचन. कॅल्क्युलस त्यात नाहीच. २७ प्रश्न, ४७ मिनिटं, गुण १३० ते १७०. या परीक्षेत उत्तम गुण मिळवणारे अर्जदार भरपूर असतात, त्यामुळे त्या गुणांवर कुणाची निवड होत नाही. गुण कमी असले तर अर्ज मागे पडतो, इतकंच. पुढच्या वर्षीचे सप्टेंबर-ऑक्टोबर त्याला पुरतात.

निवड समिती पाहते ते वेगळंच: या विद्यार्थिनीला सिद्धता लिहिता येईल का? एमएला तुम्ही लॅग्रांजची रीत (अट सांभाळून कमाल मूल्य काढण्याची) लावून ग्राहकाची मागणी काढली असेल. पीएचडीच्या पहिल्या वर्षी त्याआधीचा प्रश्न विचारतात, की सर्वोत्तम निवड मुळात असते हे कशावरून? उत्तर असं, की सगळ्या किमती शून्याहून जास्त असतील तर बजेट संच (म्हणजे परवडणाऱ्या सगळ्या निवडी) बंदिस्त आणि मर्यादित असतो, उपयोगितेचं फंक्शन कंटिन्युअस (कुठेही न तुटणारं) असतं, म्हणून वायरश्ट्रासच्या प्रमेयानुसार कमाल मूल्य मिळतंच. आता एका वस्तूची किंमत शून्य करा. बजेट संचाची मर्यादा जाते, आणि जितकं जास्त तितकं बरं मानणाऱ्या ग्राहकाला सर्वोत्तम निवडच उरत नाही. हे लॅग्रांजच्या समीकरणांतून दिसत नाही. त्यासाठी सिद्धतांसह शिकलेलं कॅल्क्युलस, म्हणजे रिअल अ‍ॅनालिसिस लागतं. तुमच्या १८ महिन्यांचा रोख तिकडे हवा.

जून ते ऑगस्ट बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं करा. कला आणि विज्ञान शाखेची घ्या, वाणिज्यची नकोत. पीडीएफ मोफत मिळतात. रेषायुग्मासारखी प्रकरणं सोडलीत तरी चालेल. बारावीच्या पहिल्या भागातलं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. विद्यार्थी ते गुणांपुरतं करतात, तुमच्यासाठी मात्र तेच सगळ्यांत मोलाचं आहे.

सप्टेंबर ते डिसेंबर अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा बरोबरीने. इथे स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. रिग्रेशनमध्ये स्थिरांकासोबत स्त्री आणि पुरुष असे दोन्ही डमी (० किंवा १ मूल्य घेणारे चल) घातले, तर सॉफ्टवेअर एक का गाळतं? ‘डमी ट्रॅप’ हे नाव सांगून भागणार नाही. दोन डमींची बेरीज म्हणजेच स्थिरांकाचा स्तंभ, म्हणून स्तंभ परस्परावलंबी होतात आणि उलटवायच्या मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही, हे कागदावर दाखवता आलं की पुढे जा.

जानेवारी ते जून फक्त रिअल अ‍ॅनालिसिस. पहिल्या वाचनाला बार्टल-शेर्बर्ट यांचं पुस्तक घ्या. रुडिनचं पुस्तक नावाजलेलं आहे, पण त्यातल्या सिद्धता फार आटोपशीर आहेत. एकट्याने अभ्यास करणारा त्यात पहिल्या दोन प्रकरणांतच अडकतो. वेग कमी वाटेल, एका संध्याकाळी दोन-तीन पानं. तेवढी खरोखर झाली तर पुरे.

बहुतेक जण घसरतात ते ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ यांच्या क्रमावर. ‘प्रत्येक कुलपाला एक तरी किल्ली लागते’ आणि ‘एक किल्ली अशी आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. नुसती कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांत नेमका हाच फरक. एक्सचा वर्ग हे फंक्शन सगळ्या वास्तव संख्यांवर कंटिन्युअस आहे, पण युनिफॉर्मली नाही, कारण एक्स वाढत जाईल तशी डेल्टा (एक्स किती हलला तर चालेल ती मर्यादा) लहान लहान घ्यावी लागते आणि सगळ्यांना चालेल अशी एक डेल्टा मिळतच नाही.

दुसरी चूक म्हणजे सिद्धता वाचून समजली की ती आपल्याला येते असं धरून चालणं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आधी व्याख्या लिहा, मग प्रयत्न करा. ४० मिनिटं अडलात तर पुस्तकातली एकच ओळ पाहा. दुसऱ्या दिवशी तीच सिद्धता पुन्हा पहिल्यापासून. हे लोकलमध्ये उभं राहून होणारं काम नाही. त्या प्रवासात चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या व्याख्या घोका. टेबलाशी बसून आठवड्याचे दहा-बारा तास वेगळेच काढावे लागतील.

अभ्यास झाला तरी अर्जात त्याचा पुरावा हवा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या जानेवारी सत्रात रिअल अ‍ॅनालिसिसचा १२ आठवड्यांचा कोर्स असेल तर तो घ्या. शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्रासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, तिला ७५ टक्के वजन आणि घरच्या स्वाध्यायांना २५. पण या परीक्षेत सिद्धतालेखनाचा कस फारसा लागत नाही. म्हणून गणिताचे एखादे प्राध्यापक गाठा, दर पंधरवड्याला चार-पाच सिद्धता तपासून द्याल का असं विचारा. शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात, आणि त्यांतलं एक तुमच्या गणिताबद्दल ठामपणे बोलणारं हवं. कार्यालयातल्या वरिष्ठांचं पत्र कितीही चांगलं असलं तरी ते काम करत नाही.

जुलै-ऑगस्ट प्रोबॅबिलिटीला आणि अ‍ॅनालिसिसच्या उजळणीला ठेवा. त्या सुमारास साध्या सिद्धताही अडत असतील, तर डिसेंबरची घाई करू नका. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा भारतीय सांख्यिकी संस्था इथलं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण हा जास्त भक्कम मार्ग आहे. गणित दोन्हींच्या प्रवेश परीक्षांत असतं, म्हणजे केलेली तयारी तिथेही कामी येते.

प्रश्न: बीएला गणिती अर्थशास्त्रात १०० पैकी ४८ गुण आहेत. अर्जात त्याचा उल्लेख करावा का? (गिरगाव)

उत्तर: गुणपत्रिका जोडावीच लागते, तेव्हा ते दिसणारच. उद्देशपत्रात एकच वाक्य लिहा: त्यानंतर कोणता वरचा कोर्स केला आणि त्यात किती गुण मिळाले. कारणं देऊ नका. असा कोर्स अजून केलाच नसेल, तर आधी तो करा.