अंतराळात जंतूच नसतील, तर अंतराळवीरांना लसी कशाला?

जंतू असतात, आणि ते माणसंच सोबत नेतात. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या चेतापेशींत तो विषाणू आयुष्यभर झोपून असतो. उड्डाणाचा ताण, अपुरी झोप, वजनरहित अवस्था या सगळ्याने टी-पेशी (विषाणूंना आवर घालणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) मंदावतात आणि तो जागा होतो. अंतराळवीरांच्या लाळेत सापडलाय. बहुतेकांना त्रास होत नाही, पण त्याच विषाणूमुळे नागीण उठली तर वर दवाखाना कुठला? म्हणून मला नागिणीची लस फार मोलाची वाटते.

साधी सर्दीसुद्धा तिथे छळते. १९६८ साली अमेरिकेच्या अपोलो ७ यानात अंतराळवीर वॉली शिरा यांना झाली होती. गुरुत्वाकर्षण जाणवत नसल्याने नाक वाहतच नाही, शेंबूड आत साचतो, सारखं जोरात शिंकरावं लागतं.

१९७० मध्ये अपोलो १३ च्या राखीव चमूतल्या चार्ली ड्यूक यांना रुबेला (जर्मन गोवर) झाला. मुख्य चमूतल्या केन मॅटिंग्ली यांच्यात त्याची प्रतिकारशक्ती नव्हती, म्हणून ऐनवेळी त्यांना वगळलं. त्यांना रुबेला झालाच नाही! पुढे उड्डाणाआधीचं विलगीकरण कडक झालं. शुभांशू शुक्लाही जून २०२५ च्या उड्डाणाआधी जवळपास महिनाभर विलगीकरणात होते. सर्दीवर लस नाहीच, तिथे हाच उपाय.