भाकरी बंद करू नका, मोजा

ताई, चौदा वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असल्याचे कळल्यापासून घरात भाकरीसुद्धा भीत भीत वाढली जाते, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मला आमचे पहिले वर्ष आठवले. भाकरी बंद करू नका, ती मोजा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. डॉक्टरांनी १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट इन्सुलिन असे प्रमाण दिले असेल, तर तिच्यासाठी साडेतीन युनिट लागतात. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने ओट्यावर वजनकाटा असू द्या. आपल्या सांगलीचे भडंग मात्र फसवे आहे, कारण हाताला हलके लागले तरी चुरमुऱ्यांमुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते.

या वयात वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि डोस वाढवावा लागतो. साखर वाढली म्हणजे मुलाने चोरून खाल्ले, असे कृपया गृहीत धरू नका. आम्ही तसे रागावलो आणि आमचा मुलगा वहीत खोटे आकडे लिहू लागला. तो विश्वास परत मिळवायला फार दिवस लागले.

कबड्डी खेळल्यानंतर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी तपासा. ती ७० mg/dL च्या खाली असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ताप किंवा उलट्या असताना तो जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण थांबवू नका, कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साचणारे घातक पदार्थ) तपासून ताबडतोब डॉक्टरांशी बोला.