गारद, गारदी आणि शत्रूकडून उचललेली कवायत

'अवघा संघ शंभर धावांत गारद' या मथळ्यातील 'गारद' आणि नारायणराव पेशव्यांच्या खुनातील 'गारदी' यांचे मूळ एकच आहे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. उत्तर स्पष्ट आहे: नाही. मथळ्यातील 'गारद' अरबी 'गारत' या शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ छापा, लूट आणि त्यावरून उद्ध्वस्त होणे. 'जो गारद करतो तो गारदी' ही व्युत्पत्ती व्याख्यानांतून आणि वाहिन्यांवरून वारंवार कानी पडते, परंतु तिला उच्चारसाम्यापलीकडे कसलाही आधार नाही. तिच्यामुळे झालेले नुकसान मात्र मोठे आहे, कारण सुपारी घेऊन खून करणाऱ्या कोणालाही आता सर्रास 'गारदी' म्हटले जाते. गारदी म्हणजे मारेकरी नव्हे. गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेला, संगिनीची बंदूक बाळगणारा पायदळातला शिपाई.

हा शब्द फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारा, रक्षकदल यावरून आला, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी 'गार्ड' का नाही, असे कोणी विचारील. इंग्रजीतील 'ड' आपल्या कानाला मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारलेला, वाटतो, म्हणून आपण आजही 'गार्ड' आणि 'बोर्ड' असेच म्हणतो. फ्रेंच 'द' मात्र दंत्य, म्हणजे जीभ दातांना लावून उच्चारलेला, आहे आणि तो 'गारदी'त जसाच्या तसा उतरला आहे. 'ऑर्डर्ली'चा 'अर्दली' झालाच ना, हा आक्षेप मला ठाऊक आहे, परंतु तो शब्द हिंदुस्थानी बोलीत घडून मग आपल्याकडे आला. पोर्तुगीज 'ग्वार्दा'तही दंत्य 'द' आहे हे खरे. तथापि ज्यांना लोक गारदी म्हणू लागले, ते पायदळ पोर्तुगीजांनी नव्हे, फ्रेंचांनी घडवले होते. जुन्या कागदांत हाच शब्द 'गाडदी' असाही लिहिलेला आढळतो. येथे 'र'चा 'ड' कसा झाला, हे ज्याला कोडे वाटते त्याने 'काडतूस' आठवावे: फ्रेंच 'कार्तूश'मधील 'र' तेथेही तसाच 'ड' झाला आहे. शिपाई आणि त्याचे काडतूस हे दोन्ही शब्द एकाच ध्वनिबदलासह मराठीत आले, याहून समाधानकारक पुरावा मला सुचत नाही. शेवटची 'ई' तर आपलीच आहे: तेलाचा तेली, तसा गारदेचा गारदी.

हा शब्द आपण का उचलला, याचे कारण रणांगणावर सापडते. मराठ्यांचे सामर्थ्य हलक्या घोडदळात होते. शत्रूची रसद तोडावी, अवचित छापा घालावा, अवजड फौज सावरण्यापूर्वी दूर निघून जावे, ही रीत मोगलांना अखेरपर्यंत झेपली नाही. परंतु 1746 साली मद्रासजवळ अड्यार नदीकाठी फ्रेंचांच्या हजाराहूनही कमी शिपायांनी कर्नाटकच्या नबाबाच्या सुमारे दहा हजारांच्या फौजेला उधळून लावले, तेव्हा साऱ्या दरबारांचे डोळे उघडले. जळत्या वातीने उडणाऱ्या तोड्याच्या बंदुकीऐवजी ठिणगीने उडणारी चकमकीची बंदूक, रांगांनी आळीपाळीने केलेला आणि म्हणून कधीच न थांबणारा मारा, गोळी झाडून झाली की त्याच बंदुकीचा भाला करणारी संगीन, आणि पायदळाच्या पावलाने चालणाऱ्या हलक्या तोफा, यांच्यापुढे घोडा भिडण्याआधीच पडत असे. 1751 साली निजामाच्या बाजूने आलेल्या बुसी या फ्रेंच सेनानीने तर कुकडी नदीकाठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, पेशव्यांच्याच छावणीवर छापा घातला. छापा ही आमची विद्या होती. ती परक्याने आमच्यावर वापरली, आणि आम्ही त्याची कवायत घेण्याच्या मागे लागलो.

बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंनी आपल्याकडे घेतला तो याच हेतूने, आणि 1760 च्या उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी तो हेतू सार्थ ठरवला. पुढच्याच वर्षी, 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर त्याच्या पलटणींनी संगिनी रोखून रोहिल्यांना मागे रेटले. परंतु मल्हारराव होळकरांसारखे मुरलेले सरदार गनिमी काव्याचा आग्रह धरत होते आणि भाऊंनी लढाई गारद्यांभोवती बेतली होती. नवे हत्यार आले, पण त्याच्याशी जुळवून लढणारे घोडदळ तयार व्हायला उसंत मिळाली नाही. गनिमी कावा सोडला म्हणून पानिपत गमावले, हा नेहमीचा निष्कर्ष मला मान्य नाही. फ्रेंचांची विद्या घेण्यात चूक नव्हती. ती अर्धीच घेतली गेली, ही चूक होती. महादजी शिंद्यांनी पुढे द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून पुरे कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे मोठे दल, उभे करून घेतले, तेव्हा ही उणीव त्यांनी ओळखलेली दिसते.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याच्या साथीदारांनी नारायणरावांना मारले, आणि त्या एका दिवसाने एका संपूर्ण सेनादलाच्या नावाला डाग लागला. 'मारेकरी' हा अर्थ तेथून आला आहे. तो जनमानसात रूढ झाला म्हणून मूळ अर्थ ठरत नाही.

राहता राहिला हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश. 'पश्चिमेकडील' या अर्थाच्या अरबी 'घर्बी'चा अपभ्रंश होऊन गारदी झाला असावा, या तर्काकडे त्याचा कल आहे. 'ब'चा 'द' कोणत्या नियमाने झाला, हे कोशकारांनी सांगितलेले नाही; 'गार्ड' या शब्दाच्या प्रभावाने हा अपभ्रंश घडला असावा, एवढेच ते म्हणतात. त्याच कोशाच्या 1903 च्या आवृत्तीत हैदराबादच्या 'जफर पलटण' या स्त्रियांच्या सशस्त्र दलाची नोंद आहे, आणि तेथे त्या स्त्रियांना 'गारदनी' म्हणत असे लिहून त्याचा उलगडा 'गारद' म्हणजे पहारा असाच केला आहे.