नववीच्या मुलांकडून शाळेचं वर्तमानपत्र कसं तयार करून घ्यावं?

जळगावजवळच्या शाळेत नववीच्या मुलांकडून, एकाच संगणकावर, चार पानांचा अंक काढायचा आहे? नक्की जमेल.

ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. बाहेरच्या बाजूला डावीकडे पान 4, उजवीकडे 1. आत 2 आणि 3. आधी कोऱ्या कागदावर आकडे घालून दाखवा, नाहीतर झेरॉक्स काढताना पानं उलटसुलट होतात. फोटो धरून पानाला साडेतीनशे शब्द पुरेत.

खरा वेळ बातमीच्या पहिल्या वाक्याला द्या. मुलं हमखास ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’ असं लिहितात. त्यातून काहीच कळत नाही. ‘बोअर आटल्याने सोमवारपासून मुलं पाणी घरून आणत आहेत’, ही बातमी. केळीच्या भावावर लिहायचं तर शेतकरी आणि व्यापारी, दोघांनाही विचारायला लावा. आजी अहिराणीत बोलली तर तिचं वाक्य अहिराणीतच छापा, प्रमाण मराठीत आणलं की त्यातला जीव जातो.

टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तशीच दिसतील अशा पद्धतीत. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. नावं हजेरीपटाशी ताडून पाहा, पण हे काम बातमी लिहिणाऱ्याकडे देऊ नका.