मोठ्या कलाकारांची कामं बघून उलट हातच आखडतो. प्रेरणा घ्यायची तरी कशी?

तुम्ही लिहिलंय, की फोटोग्राफर, चित्रकार, शिल्पकार, फॅशन डिझायनर अशा शंभरेक जणांना मोबाइलवर फॉलो करता, रोज बघता, आणि बघून झालं की स्वतः काही करावंसंच वाटत नाही. मी पाचोऱ्याला लग्नाचे फोटो काढतो. हा आजार मला चांगला चार वर्षं होता, म्हणून लिहितोय.

मुंबईवाल्यांचे प्री-वेडिंग बघायचो आणि मग आपला ट्यूबलाइटखाली बसलेला, हळदीने माखलेला नवरदेव बघून जीव खट्टू व्हायचा. त्यांच्याकडे उदयपूरचा तलाव, आमच्याकडे गिरणा, तीही मे महिन्यात कोरडीठाक.

सुटका झाली चाळीसगावला. तिथे लग्नाची ऑर्डर होती, वऱ्हाड उशिरा येणार होतं, म्हणून वेळ काढायला स्टेशनजवळच्या, फोटोग्राफर केकी मूस यांच्या घरात शिरलो; ते आता संग्रहालय आहे. मूस १९१२ साली मुंबईत जन्मले, विलायतेत कला शिकून आले आणि मग १९८९मध्ये जाईपर्यंत जवळजवळ ५० वर्षं त्या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. त्यांच्याबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात, प्रेयसी येईल म्हणून रोज रात्री पंजाब मेलची वाट बघण्याची. गोष्ट गोड आहे, पण तुमच्या-माझ्या कामाची नाही. कामाचं आहे ते त्यांचं टेबलटॉप. टेबलावर छोटंसं दृश्य मांडायचं आणि फोटो असा काढायचा, की बघणाऱ्याला मैलभर पसरलेला मुलूख वाटावा. बाहेर जायचं नाही ना, मग बाहेरचं जग टेबलावर.

घरी येऊन मीही बसलो. बर्फ म्हणून तांदळाचं पीठ, झाड म्हणून बाभळीची वाळकी काटकी, आभाळ म्हणून मुलीच्या वहीचं निळं कव्हर. आई दारात येऊन म्हणाली, "हाई काय करी ऱ्हायना रे?" वरची ट्यूब लावून काढला, तर पीठ पीठच दिसत होतं. ट्यूब बंद केली, खिडकीचं एकच दार उघडं ठेवलं, दुसऱ्यावर गोधडी टाकली. उजेड टेबलाला लागून आडवा आला, पिठात उमटलेल्या माझ्या बोटांना सावल्या पडल्या आणि एकदम टेकड्या दिसायला लागल्या. आडव्या उजेडात पोत उठून दिसतो, हे वाचलेलं होतं. पटलं त्या दिवशी. पुढच्याच हळदीला मी नवरीला मंडपातून उठवून ओट्यावर, दाराशी बसवलं. फ्लॅश बंद. तळहाताच्या रेषांत अडकलेली हळद त्या फोटोत मोजता येते. मुलीचे मामा "अंधारात काय काढताय?" म्हणून ओरडले, ते सोडा.

तेव्हापासून कुणाचंही काम बघताना मी एकच विचारतो: याच्याकडे काय नव्हतं, आणि मग याने काय केलं?

शिल्पकार राम सुतारांचं घ्या. धुळ्याजवळच्या गोंदूरचे. लोक त्यांचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा दाखवतात. तो बघून मी काय करणार? मान दुखते फक्त. पण जे. जे. स्कूलमधून सुवर्णपदक घेऊन निघालेला हा माणूस १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यात नोकरीला होता आणि वेरूळची झिजलेली शिल्पं दुरुस्त करत होता. हे वाचलं आणि माझ्याकडे येणाऱ्या फाटक्या फोटोंकडे बघायची नजर बदलली. कुणाच्या आजोबांचा, वाळवी लागलेला, मधोमध घडी पडलेला. आधी ते काम मला हमाली वाटायचं. आता कॉम्प्युटरवर घडी बुजवता बुजवता बघतो, त्या काळच्या स्टुडिओवाल्याने दोन दिव्यांत हनुवटीखालची सावली कशी सांभाळलीय. तो माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही. पण माझा खरा गुरू तोच.

नक्कल करायलाही लाजू नका, फक्त गिऱ्हाइकाला विकू नका. मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४पासून अजिंठ्याला वर्षानुवर्षं बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकलाच करत होता. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या; १८६६मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. गडी पुन्हा कामाला लागला. आमच्या भुसावळला त्याची कबर आहे. धीर सुटला की मला तो आठवतो.

फॅशनमधलं मला फार कळत नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया मुळात चित्रकार, पुढे वेशभूषेत गेल्या आणि १९८३मध्ये ऑस्कर घेऊन आल्या, एवढं माहीत आहे. बायको ब्लाउज शिवते, म्हणून तिला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी तर कुणाचाही चांगला ब्लाउज दिसला की उलटा करून शिलाई बघते." माझ्या एवढ्या पाल्हाळापेक्षा हे उत्तर बरं आहे.

तर त्या शंभरातला एकच ठेवा, महिनाभर. शक्यतो आपल्या भागातला, ज्याचं काम एसटीने जाऊन डोळ्यांनी बघता येईल असा. त्याचं एक काम घरात जे असेल त्यातून करून बघा. चाळीसगावला उतरलात तर मूस यांच्या घरात दोन तास काढा, घाई करू नका.

आणि बर्फ करायचाच असेल, तर पीठ नको, मुंग्या लागतात. जाडं मीठ घ्या, ते चमकतंही.