सेट चालू, डिस्प्ले चालू, आवाज मात्र गायब

प्रश्न : नमस्कार सर, माझी हॅचबॅक सात वर्षं जुनी आहे, स्टिरिओ कंपनी फिटेडच. एफएमचं स्टेशन दिसतंय, ब्लूटूथला फोन जोडला जातोय, गाणं पुढं सरकताना पण दिसतंय, पण चारही स्पीकर एकदम गप्प. आधी अक्कलकोटला जाता-येता मधेच आवाज बंद व्हायचा आणि ड्रायव्हरचं दार जोरात लावलं की परत यायचा, आता तेही बंद झालंय. फ्यूज बघितला, चांगला आहे. दुकानात दाखवलं तर म्हणाले सेट गेला, अँड्रॉइड बसवून टाका. मला कंपनीचाच ठेवायचाय, स्टिअरिंगवरची बटणं त्याच्यावर चालतात. काय करू ओ? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नवीन सेटचे पैसे अजिबात देऊ नका, निदान एवढ्यात तरी नाही. म्यूट, फेडर-बॅलन्स (पुढं-मागं, डावं-उजवं आवाज वाटायचं सेटिंग) आणि फोनचा स्वतःचा आवाज एकदा बघून घ्या, पण मला नाही वाटत तिथं काही सापडेल, कारण दार लावलं की आवाज यायचा हे तुम्ही लिहिलंय आणि त्यातच निम्मं उत्तर आहे. सेट डॅशबोर्डमधे, त्याला दाराशी काय घेणं? दारातनं जाते ती स्पीकरची वायर.

आता तुम्ही म्हणाल एका दाराची वायर खराब झाली तर एकच स्पीकर जायला पाहिजे, चारही कसे गेले. वायर नुसती तुटली तर एकच जातो, बरोबर आहे. पण वायर सोलून बॉडीला टेकली तर गोष्ट वेगळी. हल्लीच्या सेटमधे स्पीकरच्या दोन वायरीतली एकही बॉडी अर्थला जोडलेली नसते, दोन्हीवर बॉडीच्या हिशेबानं साधारण 6 व्होल्ट असतात. म्हणजे ज्याला आपण मायनस म्हणतो तीसुद्धा पत्र्याला लागली की आतल्या अ‍ॅम्प्लिफायर आयसीला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपला, शॉर्ट दिसतो आणि जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होतो. चारही स्पीकर बहुतेक वेळा त्या एकाच आयसीवर असतात, म्हणून सगळे गप्प. डिस्प्ले, ब्लूटूथ हे वेगळ्या सर्किटवर, ते चालूच राहतात, आणि बघणाऱ्याला वाटतं सेट गेला.

बघायची जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधली बिजागरीजवळची काळी रबरी नळी. दार उघडलं की ती ताणते, लावलं की दुमडते, सात वर्षं हेच चाललंय, वर आपल्याकडचा एप्रिल-मे, उन्हात उभी केलेली गाडी, रबर आणि वायरीचं प्लास्टिक दोन्ही कडक होणारच. नळीचं खांबाकडचं टोक हातानं हळू ओढून सोडवा आणि आत टॉर्च मारा. प्लास्टिकला आडवी चीर, आत हिरवी पडलेली तांब्याची तार दिसली तर चोर सापडला म्हणा. फक्त पिवळ्या कव्हरची वायर किंवा पिवळा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) दिसला तर त्याला हात नाही आणि मल्टिमीटर तर मुळीच नाही, ती एअरबॅगची असते.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मीटर लागेल. सेट बाहेर काढून मागचा स्पीकरचा कपलर सोडवायचा (आधी बॅटरीची मायनस काढा, पण त्याच्या आधी खालचा दुसरा प्रश्न वाचा). कपलरवर स्पीकरच्या जोडीत मोजलं की 4 ओमच्या स्पीकरला साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वायर तुटलीय नाहीतर स्पीकरची कॉइल गेलीय. मग प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात बघा, इथं काहीच दाखवायला नको, बीप वाजला की त्याच स्पीकरच्या जोडीत शॉर्ट. मीटर लावून ठेवून दुसऱ्या कुणाला तरी दार सावकाश उघड-बंद करायला सांगा, कारण तुमचा फॉल्ट येतो-जातो प्रकारचा आहे आणि दार स्थिर असताना लपून बसेल. बरेच जण दाराचं पॅड काढून नुसता स्पीकर सोडवतात आणि तरी आवाज आला नाही म्हणून सेटवर खापर फोडतात, पण शॉर्ट बिजागरीत असेल तर तो स्पीकरच्या अलीकडं आहे, स्पीकर काढून तो कसा जाईल?

दुरुस्ती करताना तारा पिळून काळी टेप गुंडाळणाऱ्याला हात जोडा. आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटते. नळीतला तेवढा तुकडा नवीन वायरचा टाकून घ्या, थोडी ढील ठेवून, आणि जोड एक दाराच्या आत, एक खांबाच्या आत, सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केलं की आवळून बसणारी नळी). नळीच्या मधोमध जोड दिला तर तिथंच परत तुटणार. हे काम अ‍ॅक्सेसरीवाल्याचं नाही, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे, मेकॅनिक चौकाकडं किंवा तुमच्या भागात विचारा आणि समोर उभं राहून करून घ्या.

वायरिंग सगळं चोख निघालं तरच सेट उघडायचा. तेव्हासुद्धा नुसता आयसी बदलून भागतं का हे आधी विचारा. तुमच्या मॉडेलला अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असेल, काही गाड्यांत सीटखाली असतो, तर त्याचा फ्यूज वेगळा असतो तोही बघा.

प्रश्न : बॅटरी बदलली तेव्हापासून सेट कोड मागतोय, आवाज नाही. अंदाजानं टाकत बसू का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नको. ते चोरीविरुद्धचं लॉक आहे, बऱ्याच सेटमधे चुकीचा कोड परत परत टाकला की सेट काही वेळ काहीच घेत नाही. गाडीच्या पुस्तिकेच्या पाकिटात कोडचं छोटं कार्ड आहे का बघा, जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. नाहीच मिळालं तर आरसी आणि सेटवरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, त्यावरून कोड काढून देतात. मिळाला की फोनमधे लिहून ठेवा, गाडीत नको.